जुन्या चाकावरच्या मेणबत्त्या



आगमनकाळाचा पहिला रविवार जवळ आला की आपल्या वेदीजवळ हिरव्या पानांचे चक्र दिसू लागते. तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी, आणि पुष्कळ ठिकाणी मधोमध नाताळच्या रात्री पेटवायची पांढरी. लहान मुलांना विचारा, किती पेटल्या आणि किती उरल्या हे ती चटकन सांगतील. मोठ्यांना मात्र ही प्रथा कुठून आली असे विचारले तर बहुतेकांना वाटते की ती फार जुनी असणार, रोमहून आलेली असणार. तसे नाही. ती फार जुनी नाही, रोमची नाही आणि खरे सांगायचे तर मुळात आपली कॅथलिकांचीही नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराबाहेरच्या एका गवताने शाकारलेल्या घरात, भीक मागणाऱ्या आणि चोऱ्या करणाऱ्या मुलांसाठी, एका लुथरपंथीय माणसाने बैलगाडीसारख्या गाडीच्या जुन्या चाकापासून ती सुरू केली. त्यांचे नाव योहान हिनरिख विखर्न. दुकानात टांगलेली प्लास्टिकची तयार चक्रे आणि त्यांच्या किमती पाहून ज्या घरात यंदा हात आखडता घेतला जात असेल, त्या घराने तर ही जीवनकथा जरूर वाचावी.

विखर्न यांचा जन्म २१ एप्रिल १८०८ रोजी हॅम्बुर्ग येथे झाला. सात भावंडांत ते थोरले. त्या वेळी हे श्रीमंत बंदर नेपोलियनच्या फौजांच्या ताब्यात होते. १८१३ च्या नाताळच्या दिवसांत फ्रेंच सेनापतीने, वेढ्याच्या काळात पुरेल इतका धान्यसाठा ज्यांच्या घरी नव्हता अशा हजारो गोरगरिबांना भर हिवाळ्यात शहराबाहेर हाकलून दिले. त्यातले कितीतरी थंडीने व रोगाने मेले. विखर्न तेव्हा पाच वर्षांचे होते. नाताळ आणि घराबाहेर काढलेली माणसे ही जोडी त्या शहराच्या आठवणीत पक्की बसली होती, एवढे आपण ध्यानात ठेवू.

वडील कष्टाने वर आलेले गृहस्थ होते. लेखनिकाचे आणि दस्तऐवजांचे काम करून ते कुटुंब चालवीत. १८२३ साली ते वारले. पंधरा वर्षांच्या थोरल्या मुलावर आई आणि सहा भावंडांचा भार आला. आपल्याकडे अशा मुलाची शाळा सुटते आणि तो मिळेल त्या कामाला लागतो. विखर्न यांनी शिकवण्या धरल्या. दिवसा स्वतः शिकायचे, उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायचे. पुढे एका खाजगी शाळेत मदतनीस म्हणून लागले. गरिबी म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. मला वाटते, पुढच्या आयुष्यात मुलांशी वागताना त्यांचा हात कधी वरून खाली दिल्यासारखा वाटत नाही, त्याचे मूळ इथे आहे.

चांगल्या लोकांनी वर्गणी करून त्यांना धर्मशास्त्र शिकायला पाठवले. आधी ग्योटिंगेन, मग बर्लिन. बर्लिनमध्ये त्या वेळी श्लायरमाखर शिकवीत होते, नेआंडर शिकवीत होते, आणि त्याच विद्यापीठात हेगेल यांचीही व्याख्याने चालत. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या आमच्यासारख्यांना या नावांनी आजही थोडा घाम फुटतो! असे गुरू लाभलेला तरुण प्राध्यापक होण्याची स्वप्ने पाहू लागला असता तर नवल नव्हते. परंतु बर्लिनमध्येच त्यांना एक वृद्ध सरदार भेटले, बॅरन फॉन कोट्विट्स. या गृहस्थाने बेकार विणकरांना काम आणि आसरा देण्यात आपली मिळकत खर्चून टाकली होती. विद्यापीठाचे वर्ग आणि हा म्हातारा, अशा दोन शाळांत विखर्न शिकले. परीक्षा त्यांनी पहिल्या शाळेची दिली. आयुष्य मात्र दुसऱ्या शाळेप्रमाणे काढले.

१८३२ साली ते परीक्षा उत्तीर्ण होऊन हॅम्बुर्गला परतले. पाळक म्हणून जागा रिकामी नव्हती. (त्यांना स्वतःचा धर्मग्राम पुढेही कधी मिळाला नाही.) सांक्त गेओर्ग या उपनगरात पास्टर राउटेनबेर्ग यांची रविवारची शाळा चालत असे, तिथे ते शिकवू लागले. त्या शाळेचा एक नियम होता. मूल आले नाही की शिक्षकाने त्याच्या घरी जायचे. विखर्न घरोघर गेले आणि त्यांनी जे पाहिले ते लिहून काढले. एकेका अंधाऱ्या खोलीत दोन-दोन कुटुंबे. अंथरूण म्हणजे चिंध्या. दारूत बुडालेले बाप. भीक आणून दिली नाही म्हणून मार खाणारी मुले. शहराच्या गोदीत जगभरचा माल उतरत होता, आणि गोदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर हे चालले होते.

ही मुले पुढे कुठे जात? चोरी करताना सापडली की तुरुंगात, मोठ्या गुन्हेगारांच्या सोबत. तिथून बाहेर आली की धंद्यात तरबेज होऊन येत. विखर्न यांनी ठरवले की या मुलांना तुरुंग नको आणि अनाथाश्रमाची लांबलचक बराकही नको. त्यांना घर पाहिजे. कार्ल सीवेकिंग नावाच्या शहराच्या एका थोर अधिकाऱ्याने हॉर्न गावातले आपले एक जुने घर आणि जमीन देऊ केली. त्या घराला लोक 'राउहेस हाउस' म्हणत. शब्दशः अर्थ खडबडीत घर, पण बहुधा रूगे नावाच्या एखाद्या जुन्या मालकावरून ते नाव पडले असावे. १२ सप्टेंबर १८३३ रोजी शहरातल्या सज्जनांची सभा होऊन संस्थेची स्थापना झाली, आणि ऑक्टोबरअखेर पंचवीस वर्षांचे विखर्न आपली आई आणि बहीण यांना घेऊन त्या घरात राहायला गेले. नोव्हेंबरात पहिली मुले आली. वर्ष संपेपर्यंत ती बारा झाली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्याच वर्षी, १८३३ च्या एप्रिलमध्ये, पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांचे विद्यार्थी मित्र यांनी संत विन्सेंट दी पॉल संस्थेची सुरुवात केली. ओझानाम तेव्हा वीस वर्षांचे होते. आणि आठ वर्षांनी, ८ डिसेंबर १८४१ रोजी, इटलीतल्या ट्युरिनमध्ये डॉन बॉस्को यांनी एका अनाथ मुलाला जवळ घेऊन आपले काम सुरू केले. तीन देश, तीन माणसे, एकच दशक. कारखाने उभे राहत होते, खेड्यांतून शहरांकडे लोंढे येत होते आणि त्यांची मुले रस्त्यावर पडत होती. पवित्र आत्मा कोणत्या पंथाची पाटी पाहून काम करतो असे या दशकावरून तरी दिसत नाही.

राउहेस हाउसला भिंत नव्हती, फाटकाला कुलूप नव्हते. पळून जायचे असेल तर मूल केव्हाही पळू शकत होते. काही पळालीही. नवीन मूल आले की त्याला सांगण्यात येई की तुझे मागचे सगळे माफ झाले आहे आणि इथे ते कोणी तुला विचारणार नाही. हा केवळ स्वागताचा उपचार नव्हता, घराचा नियमच होता. मुलाने पूर्वी काय केले याबद्दल इतरांनी बोलायचे नाही. क्षमेबद्दल आपण दर आठवड्याला प्रवचन ऐकतो. (देतोही!) परंतु आपल्या आळीत एखाद्या मुलाने मोबाईल चोरला, तर त्याचे लग्न होईपर्यंत आणि त्यानंतरही तो 'मोबाईलवाला'च राहतो. ज्याची चोरी उघडपणे आठवली जात नाही असे घर चालवणे किती अवघड असेल, याची कल्पना यावरून करावी.

मुले वाढू लागली तशी एका घरात गर्दी झाली. विखर्न यांनी मोठी इमारत बांधली नाही. १८३४ साली मुलांनीच मदत करून शेजारी दुसरे छोटे घर उभारले. दहाबारा मुलांचे एक कुटुंब, त्यांच्यासोबत एक तरुण 'भाऊ', आणि त्यांचे स्वतःचे घर. पुढे मुलींसाठीही घर झाले. सुतारकाम, चांभारकाम, शिवणकाम, शेती, छपाई ही कामे मुले शिकली. १८३५ साली रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या अमांडा ब्योमे यांच्याशी विखर्न यांचा विवाह झाला. त्या माउलीने स्वतःची मुले या घरातल्या मुलांमध्येच वाढवली. चरित्रकार विखर्न यांच्या भाषणांवर पाने खर्च करतात आणि अमांडाबाईंना दोन ओळी देतात. इतकी माणसे जेवायला बसत होती त्या घराचे स्वयंपाकघर कोणी चालवले, हे लिहिणाऱ्यांना महत्त्वाचे वाटले नाही, एवढाच याचा अर्थ.

आता त्या चाकाकडे येऊ.

उत्तर जर्मनीत डिसेंबर म्हणजे अंधार. दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. मुले दिवसातून दहा वेळा विचारत की नाताळ कधी? किती दिवस उरले? वाट पाहणे कोणत्याही मुलाला कठीण असते. ज्या मुलाला आयुष्यभर दिलेला शब्द मोडल्याचाच अनुभव आहे त्याला ते सर्वांत कठीण. त्याला 'लवकरच' हा शब्द समजत नाही, कारण तो शब्द त्याने फार वेळा ऐकलेला असतो. संत आगुस्तीन यांनी आपल्या कबुलीजबाबाच्या अकराव्या भागात काळाचा विचार करताना म्हटले आहे की भविष्य कुठे बाहेर पडून नसते, ते मनातल्या अपेक्षेत असते. पण अपेक्षा करायला कोणी शिकवलेच नसेल तर? मग ती डोळ्यांना दिसेल अशी समोर मांडावी लागते.

१८३९ च्या आगमनकाळात विखर्न यांनी एक जुने गाडीचे चाक घेतले आणि प्रार्थनेच्या दालनात टांगले. त्यावर चोवीस मेणबत्त्या बसवल्या, वीस लहान तांबड्या आणि चार मोठ्या पांढऱ्या. रोज प्रार्थनेच्या वेळी एक नवीन मेणबत्ती पेटायची. आठवड्याच्या दिवशी तांबडी, रविवारी पांढरी. शास्त्रातला एखादा भाग वाचायचा, गीत म्हणायचे, आणि वर पाहायचे. ज्याला आकडेमोड येत नव्हती त्यालाही कळत होते की न पेटलेल्या किती उरल्या. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार बरोबर १ डिसेंबरला आला होता, म्हणून मेणबत्त्या चोवीस झाल्या. दरवर्षी ही संख्या बदलते. पहिला रविवार २७ नोव्हेंबरला आला तर अठ्ठावीस लागतात, ३ डिसेंबरला आला तर बावीस पुरतात. पांढऱ्या मात्र नेहमी चारच.

चाकावर पहिल्या वर्षी हिरवी पाने नव्हती. फरच्या डहाळ्या गुंडाळण्याची पद्धत १८६० च्या सुमारास आली. मग घराघरांत एवढे मोठे चाक कोण टांगणार, म्हणून मेणबत्त्या चारच ठेवण्यात आल्या आणि चाक टेबलावर उतरले. पहिल्या महायुद्धानंतर ही प्रथा जर्मनीत सर्वत्र पसरली. १९२५ साली कोलोन शहरातल्या एका कॅथलिक चर्चमध्ये असे चक्र प्रथम लागले, १९३० साली म्युनिकमध्ये. तिथून मिशनरी आणि मासिके यांच्याबरोबर ते जगभर गेले आणि आपण त्याला आपल्या उपासनेचे जांभळे आणि गुलाबी रंग दिले. एका लुथरन घरातली वस्तू आपल्या वेदीजवळ येऊन बसली, याचा कुणाला राग यावा असे मला वाटत नाही. नाताळगोठा आपण त्यांना दिला, चक्र त्यांनी आपल्याला दिले.

विखर्न यांचे पुढचे आयुष्य मोठ्या व्यासपीठांवरचे आहे, ते थोडक्यात सांगतो. १८४४ पासून त्यांनी आपल्या कार्याचे नियतकालिक चालवले. १८४८ साली युरोपभर क्रांत्या पेटल्या. त्या सप्टेंबरात विटेनबेर्ग येथे, लूथर यांची समाधी असलेल्या चर्चमध्ये, प्रॉटेस्टंट मंडळ्यांची परिषद भरली. २२ तारखेला विखर्न तासाभराहून अधिक वेळ बोलले. गरिबांची सेवा हे श्रद्धेइतकेच चर्चचे स्वतःचे काम आहे, दानशूर व्यक्तींवर ते सोडून चालणार नाही, असे त्यांनी ठासून मांडले. त्यातून सेवाकार्याची जी मध्यवर्ती समिती निघाली, ती आजच्या जर्मनीतल्या 'डायाकोनी' या प्रचंड संस्थेची आई म्हणता येईल. योगायोग पाहा, त्याच वर्षाच्या अखेरीस, नोव्हेंबर-डिसेंबरात, माइन्त्सच्या कॅथेड्रलमध्ये फादर केटेलर यांनी सामाजिक प्रश्नावर सहा प्रवचने दिली. त्यातली बहुतेक आगमनकाळातली. हेच केटेलर पुढे माइन्त्सचे बिशप झाले, आणि १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले तेव्हा त्यामागे त्यांच्या विचारांचा मोठा आधार होता.

दोघांची तुलना केली तर विखर्न यांची एक मर्यादा दिसते, ती लपवू नये. दारिद्र्याचे मूळ लोकांच्या श्रद्धाहीनतेत आहे, यावर त्यांचा जास्त भर होता. क्रांतीची त्यांना भीती होती. राजाच्या छत्राखाली सगळे नीट होईल असे त्यांना वाटे. मजुरी किती, कामाचे तास किती, घरभाडे किती, या प्रश्नांकडे केटेलर जसे वळले तसे विखर्न वळले नाहीत. मुलाला कुशीत घेण्यात त्यांची बरोबरी करणारे थोडे, पण त्या मुलाचा बाप दारूत का बुडाला याचे त्यांचे उत्तर अपुरे होते.

प्रशियाच्या राजाने त्यांना तुरुंगांची पाहणी करण्याचे काम दिले. १८५७ साली ते सरकारी सेवेत गेले. बर्लिनच्या मोआबित तुरुंगात त्यांनी आपल्या तालमीतले 'भाऊ' पहारेकरी म्हणून नेमले. त्यावर पुष्कळ टीका झाली, विधिमंडळात वादही झाले. १८५८ साली बर्लिनमध्ये त्यांनी 'योहानेसश्टिफ्ट' ही दुसरी संस्था स्थापन केली. १८६४ च्या युद्धात त्यांचे सहकारी जखमींची शुश्रूषा करायला रणांगणावर गेले. १८६६ पासून पक्षाघाताचे झटके येऊ लागले. ज्या माणसाच्या शब्दाने सभा हलत होत्या त्याची वाणी आणि शरीर हळूहळू थकले. ते हॉर्नच्या त्या घरी परतले, काम मुलगा योहानेस याच्या हाती दिले, आणि दीर्घ आजारानंतर ७ एप्रिल १८८१ रोजी देवाघरी गेले. १९४३ च्या बॉम्बवर्षावात राउहेस हाउसच्या बहुतेक इमारती जळाल्या. त्या पुन्हा बांधल्या गेल्या, आणि हॅम्बुर्गमध्ये ही संस्था आजही मुलांसाठी, वृद्धांसाठी व अपंगांसाठी काम करते.

आता आपल्या घरच्या चक्राविषयी. काही भगिनींनी विचारले आहे की बाहेरून विकत आणलेले चालेल का. चालेल, पण गरज नाही. चाकाच्या जागी सायकलची जुनी रिम घ्या, नाही तर वेताच्या मोडक्या टोपलीची कड, नाही तर सरळ घरातली परात. ज्यांच्या वाडीत केळी आहेत त्यांनी घड उतरवलेल्या केळीच्या खोडाचे चार जाड तुकडे कापावेत आणि मधे भोक पाडून मेणबत्त्या रोवाव्यात. खोडात पाणी असते, म्हणून मेणबत्ती घट्ट राहते आणि आग लागायची भीती कमी. दर आठवड्याला तुकडा बदलावा, नाही तर वास येतो. हिरवाईसाठी सुरूची डहाळी उत्तम, पण ती लवकर वाळते आणि वाळली की भडकन पेटते. तिच्यावर रोज पाणी शिंपडा आणि चार-पाच दिवसांनी नवी लावा. त्यापेक्षा तुळस, क्रोटन किंवा आंब्याची पाने सुरक्षित. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्या आणाव्यात आणि जुन्या साडीच्या काठाची जांभळी पट्टी बुडाशी बांधावी, ज्योतीपासून दूर. तिसऱ्या रविवारच्या मेणबत्तीला गुलाबी पट्टी. पडद्याजवळ आणि पंख्याखाली चक्र ठेवू नका, आणि प्रार्थना संपली की मेणबत्ती विझवा. चार मेणबत्त्या चार आठवडे पुरवायच्या आहेत! ज्यांना रोजची एक असे विखर्न यांचे मूळ चक्र करायचे आहे त्यांनी देवघरातल्या पणत्या वापराव्यात, खर्च नाममात्र येतो.

पेटवण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाला द्यावे, मोठ्यांनी हात धरावा. शेजारी ज्या घरात यंदा मृत्यू झाला आहे किंवा ज्या घरातला मुलगा सुधारगृहात वा कोठडीत आहे, त्या घरी एक चक्र करून नेऊन द्या. काही विचारू नका, नुसते देऊन या. विन्सेंट दी पॉल संस्थेचे सभासद अशा घरांची नावे गुप्त ठेवून मदत करतील.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सर्व मिस्सांच्या सुरुवातीला चक्रांना आशीर्वाद देण्यात येईल. घरी केलेली चक्रे वेदीसमोरच्या टेबलांवर मिस्सापूर्वी दहा मिनिटे आणून ठेवावीत. मेणबत्त्या पेटवून आणू नयेत.